कामातून शिकणे : रेग रेव्हन्स आणि आपली संकेतस्थळे

(तालुक्यातील ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच व सदस्य, केंद्रप्रमुख, प्राथमिक शिक्षक आणि विविध कार्यालयांतील लिपिकवर्ग यांच्या संयुक्त उजळणी वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'शासकीय कामकाजास उपयुक्त संकेतस्थळे' असा आहे. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या पोटात काय चालते ते मला सांगता येणार नाही. पण बातम्या आणि प्रसिद्धिपत्रके लिहिण्याच्या निमित्ताने गेली वीसएक वर्षे या संकेतस्थळांवर माझी रोजची ये-जा आहे. नुसती यादीच हवी असती, तर ती छापून आपणांस वाटता आली असती आणि आपला दुपारचा वेळ वाचला असता. यादी मी देणारच आहे. तथापि, त्यापूर्वी एका माणसाची ओळख करून देण्याची परवानगी घेतो. त्याच्या उमेदीचा सारा काळ संकेतस्थळ हा शब्द जन्माला येण्यापूर्वीच सरला होता. पण संकेतस्थळ वापरावे कसे, हे मला त्याच्याकडूनच कळले. आणि त्याच्याही आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण तिच्यामुळेच मी त्या माणसापर्यंत पोहोचलो.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, एका अनुदान योजनेचे प्रसिद्धिपत्रक मी तयार केले. मागील वर्षाची नस्ती समोर होती, मजकूर पाठ होता, वेळ थोडा होता. अर्जासोबत जोडावयाच्या कागदपत्रांची यादी जुन्या पत्रकातून जशीच्या तशी उतरवून घेतली. मधल्या काळात शुद्धिपत्रक निघून त्या यादीत एका दाखल्याची भर पडली होती. पत्रक वृत्तपत्रांत छापून आले. आठ-दहा दिवसांनी एक वयस्कर गृहस्थ कार्यालयात आले. कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले होते. तालुक्याच्या कार्यालयाने अर्ज परत केला होता, आणि मुदत आदल्याच दिवशी संपली होती. ते चिडले नाहीत. कात्रण टेबलावर ठेवून एवढेच म्हणाले, "सायेब, पेपरात तुमीच लिवलंय न्हवं?"

त्या दिवशी मी चौकशी केली. शुद्धिपत्रक संकेतस्थळावर होते. निघाल्या दिवसापासून होते. माझ्या टेबलावर संगणक होता, जोडणी होती, आणि शोधण्यास दोन मिनिटेही लागली नसती. पत्रक माझ्याखेरीज आणखी तिघांच्या हातांतून गेले होते. प्रत्येकास वाटले, दुसऱ्याने पाहिले असेल. माहिती होती, साधन होते, माणसे होती. 'यंदा यात काही बदल झाला आहे काय?' एवढा एक प्रश्न मात्र चौघांपैकी कोणीही विचारला नाही.

त्या गृहस्थांचा अर्ज पुढील वर्षी मंजूर झाला. पण वर्ष गेले ते गेलेच.

यानंतर कार्यालयांतून माणसे नेमकी शिकतात कशी, याविषयी मी मिळेल ते वाचू लागलो. या विषयाचे एक स्वतंत्र शास्त्रच आता झाले आहे, आणि त्यात आयुष्य घालविणारी विशेषज्ञ मंडळीही आहेत. त्यांत मला सर्वांत जवळचा वाटला तो रेग रेव्हन्स. पूर्ण नाव रेजिनाल्ड विल्यम रेव्हन्स. जन्म १९०७ सालचा, इंग्लंडमधील पोर्टस्मथ या बंदराच्या गावी. मृत्यू २००३ साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी.

त्याचे वडील जहाजांच्या तपासणीशी संबंधित अधिकारी होते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाले आणि चौकशी झाली, तेव्हा त्या कामाशी त्यांचा संबंध आला. रेव्हन्स त्या वेळी पाच वर्षांचा होता. पुढे मोठेपणी तो सांगत असे, की या चौकशीतून तुम्ही काय शिकलात असे आपण वडिलांना विचारले, तेव्हा हुशारी आणि शहाणपण यांतील फरक माणसांना शिकवला पाहिजे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. ही आठवण किती घोटीव झाली असेल कोण जाणे. पण माणसाच्या पुढील आयुष्याचा धागा तीत स्पष्ट दिसतो.

रेव्हन्स मूळचा पदार्थवैज्ञानिक. केंब्रिजच्या सुप्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तो संशोधन करीत होता. जे. जे. थॉमसन आणि रदरफर्ड यांचा तो काळ. शिवाय खेळाडूही उत्तम. १९२८ सालच्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लांब उडीसाठी तो उतरला होता. त्या प्रयोगशाळेत रदरफर्ड दर आठवड्यास एक बैठक घेत. जगातील नामांकित शास्त्रज्ञ तीत बसत. नोबेल पारितोषिक मिळालेले आणि पुढे मिळणारे असे दोन्ही. परंतु तेथे कोणी आपले यश सांगत नसे. आपल्याला कोठे अडले आहे, ते सांगत. एवढ्या थोर मंडळींनी एकमेकांसमोर आपले अज्ञान मोकळेपणी मांडावे, याचा त्या तरुणाच्या मनावर खोल ठसा उमटला. आपल्या पुढील सर्व कामाचे मूळ तो त्या बैठकांतच सांगत असे.

१९३५ साली त्याने पदार्थविज्ञान सोडले आणि एसेक्स परगण्याच्या कौंसिलमध्ये शिक्षण अधिकारी म्हणून नोकरी धरली. आपल्याकडे बोलावयाचे तर जिल्हा परिषदेतला शिक्षणाधिकारीच. १९३८ साली त्याच्यापुढे परिचारिकांचा प्रश्न आला : मुली या व्यवसायात येतात, आणि प्रशिक्षण अर्धवट टाकून निघून का जातात? त्याने टिपण लिहिले. पुढे पंचवीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा त्याच्या वाट्यास यावयाचा होता. महायुद्धाच्या काळात लंडनच्या पूर्व भागात बॉम्बवर्षावाच्या धामधुमीत आपत्कालीन सेवांचे काम त्याने पाहिले. तेथे तज्ज्ञाची वाट पाहण्यास सवड नव्हती. जे हजर असत, त्यांनीच एकमेकांना विचारून मार्ग काढावयाचा.

युद्ध संपता संपता ब्रिटनमधील कोळसा खाणमालकांच्या संघटनेने त्याला शिक्षणविभागाचा संचालक नेमले. १९४७ च्या आरंभी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, राष्ट्रीय कोळसा मंडळ आले आणि रेव्हन्स त्या मंडळात गेला. येथे त्याने जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खाणकामगारांच्या शिक्षणाचा आराखडा करावयाचा म्हणून तो स्वतः खाणीत उतरला. एक दिवस पाहणी करून वर आला असे नव्हे, तर डरहॅमच्या खाणींत कामगारांच्या बरोबरीने राहून काम केले. खाणीच्या व्यवस्थापकांसाठी त्याने जी शिफारस केली, ती त्या काळी विलक्षणच होती. या लोकांना शिकविण्यासाठी प्राध्यापक आणू नका. त्यांना एकमेकांच्या खाणींत पाठवा आणि एकमेकांच्या अडचणींवर एकत्र बसवा, असे त्याचे म्हणणे. खाण ज्याने चालविलेली नाही असा विद्वान, रोज छत कोसळण्याच्या भीतीत काम करणाऱ्याला काय शिकविणार?

आणखी एक गोष्ट त्याला तेथे आढळली. लहान खाणींच्या मानाने मोठ्या खाणींत अपघातांचे आणि तंट्यांचे प्रमाण अधिक होते. मोठ्या संस्थेत खालचा शब्द वरपर्यंत पोहोचेपर्यंत त्यातला जीव जातो. ('लहान ते सुंदर' हा विचार पुढे १९७३ साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवणारे शूमाखर हे याच कोळसा मंडळात १९५० पासून वीस वर्षे अर्थतज्ज्ञ होते, हेही येथे जाता जाता सांगितले पाहिजे.) मंडळाशी मात्र रेव्हन्सचे जमले नाही. १९५० साली त्याने राजीनामा दिला.

१९५५ साली मँचेस्टर विद्यापीठाने त्याला औद्योगिक प्रशासनाचा प्राध्यापक केले. प्राध्यापकांवर टीका करणाराच प्राध्यापक झाला! पण तेथेही त्याने खाणच शोधली. या वेळी रुग्णालयाची. परिचारिका नोकरी सोडून जातात, हा जुना प्रश्न. मँचेस्टर परिसरातील रुग्णालये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारकाईने तपासली. इमारती जवळपास सारख्या, पगार सारखे, औषधे सारखी. तरी एका रुग्णालयात परिचारिका टिकतात आणि दुसऱ्यात टिकत नाहीत. कारण सापडले ते असे : जेथे विद्यार्थिनी परिचारिका वरिष्ठ परिचारिकेस निःसंकोच प्रश्न विचारू शकते, वरिष्ठ परिचारिका डॉक्टरला विचारू शकते, आणि विचारल्याबद्दल कोणास बोलणी बसत नाहीत, तेथे त्या टिकतात. एवढेच नव्हे, तर तेथे रुग्णही लवकर बरे होऊन घरी जातात. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे सारे आले आहे. पुढे लंडनमधील दहा रुग्णालयांत याच धर्तीवर मोठा प्रकल्प झाला. रुग्णालयातील माणसांनी परस्परांच्या रुग्णालयात जाऊन तेथील अडचणींचा अभ्यास करावा, अशी त्याची पद्धत होती.

हा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. प्रश्न विचारता येणे ही शिष्टाचाराची किंवा सौजन्याची बाब आहे, असे आपण समजतो. येथे ती रुग्ण किती दिवसांत घरी जातो, याच्याशी निगडित असल्याचे दिसते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामपंचायतीत, शाळेत काय परिस्थिती आहे, हे मी सांगावयास नको. 'हे तुम्हांला एवढेही माहीत नाही?' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे आणि बहुतेकांनी उच्चारलेलेही आहे. मीही.

१९६५ साली विद्यापीठात व्यवस्थापनाच्या शिक्षणाची घडी बसविताना अमेरिकी नमुन्याच्या पाठ्यक्रमाकडे कल झुकला. वर्गात बसून व्यवस्थापक घडतात हे रेव्हन्सला मान्य नव्हते. तो पद सोडून बेल्जियमला गेला. तेथे पाच विद्यापीठे आणि मोठ्या उद्योगांचा एक संघ यांच्या सहकार्याने १९६८ पासून जो कार्यक्रम झाला, तो त्याच्या कारकिर्दीचा कळस. अनुभवी वरिष्ठ अधिकाऱ्यांना परक्या उद्योगात, ज्या क्षेत्राचा त्यांना गंधही नाही अशा ठिकाणी, एक खरी आणि अनुत्तरित समस्या देऊन पाठविण्यात येई. परका मनुष्य भाबडे प्रश्न विचारतो. आणि तेथील जुनीजाणती मंडळी त्या भाबड्या प्रश्नांनी चपापतात, कारण वर्षानुवर्षे ते कोणी विचारलेलेच नसतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील जी.ई.सी. या बलाढ्य विद्युत कंपनीने हीच पद्धत आपल्या व्यवस्थापकांसाठी स्वीकारली.

रेव्हन्सने या पद्धतीस 'ॲक्शन लर्निंग' असे नाव दिले. मराठीत आपण त्यास 'कृतीतून शिक्षण' म्हणू. त्याचे सूत्र त्याने गणिताच्या भाषेत मांडले आहे : एल बरोबर पी अधिक क्यू. एल म्हणजे शिकणे. पी म्हणजे तयार ज्ञान. पुस्तकात, नियमात, परिपत्रकात, तज्ज्ञाच्या डोक्यात आधीच बांधून ठेवलेले. क्यू म्हणजे नेमका प्रश्न विचारण्याची दृष्टी. खरे पाहता हे काही गणित नव्हे. पदार्थवैज्ञानिकाची जुनी सवय एवढेच. त्याचे लेखनही सोपे नाही. बरेचसे बोजड आहे. आणि प्राध्यापकांविषयीचा त्याचा राग मला थोडा अतिरेकी वाटतो. पी नसेल तर क्यू हवेतच राहतो. ज्याला ग्रामपंचायत अधिनियम ठाऊकच नाही, त्याचा प्रश्न भाबडा असेल, पण नेहमीच उपयोगी असेल असे नाही. तथापि, त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती नाकारता येत नाही. भोवतालचे बदल ज्या वेगाने होतात, निदान त्या वेगाने तरी संस्थेने शिकले पाहिजे, नाहीतर ती मागे पडते.

आता संकेतस्थळांकडे वळतो. माझे म्हणणे एवढेच, की संकेतस्थळ म्हणजे पी. ते कितीही चांगले असले तरी पीच. क्यू आपण घेऊन जावयाचा असतो. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाबरोबर, तेथे जाताना मी कोणता प्रश्न घेऊन जातो, तेही सांगतो.

पहिले अर्थातच महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णयांचे संकेतस्थळ. आपल्यापैकी पुष्कळजण ते वापरतात. पण बहुधा कोणीतरी भ्रमणध्वनीवर पाठविलेला निर्णय उघडून वाचण्यापुरतेच. प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो. समूहावर आलेला निर्णय खरा की बनावट, अशी शंका आल्यास तो संकेतांक मूळ संकेतस्थळावर टाकून पाहावा. आता एक खोच सांगतो, जी मला त्या कात्रणाने शिकविली. निर्णयाच्या आरंभी 'संदर्भ' या शीर्षाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. ती यादी आपणांस मागे नेते, पुढे नेत नाही. २०१९ चा निर्णय २०१६ चा निर्णय दाखवील. पण २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली, हे तो कसे सांगणार? म्हणून हातातल्या निर्णयावर थांबू नये. विभाग निवडून, योजनेच्या नावातील एखादा शब्द घालून, त्या तारखेनंतरचे सर्व निर्णय आणि शुद्धिपत्रके पाहावीत. एकच शब्द घालून भागत नाही, कारण एकाच योजनेचे नाव निरनिराळ्या निर्णयांत निरनिराळ्या रीतीने लिहिलेले असते. येथे न्यावयाचा प्रश्न तोच : यानंतर काही बदलले आहे काय?

दुसरे भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांचे. हे संचालनालय १९६० साली, राज्याच्या स्थापनेनंतर लगेचच, स्थापन झाले. शासन व्यवहार कोश, पदनाम कोश आणि विविध विषयांचे परिभाषा कोश आता संगणकावर शोधता येतात. येथे माझा प्रश्न थोडा निराळा असतो : हा शब्द बरोबर आहे, पण सरपंचबाईंना तो कळेल काय? कोशातील प्रत्येक शब्द ग्रामसभेत वापरलाच पाहिजे असा काही नियम नाही. अचूक शब्द आदेशात असावा, आणि सूचना फलकावर त्याच्या शेजारी साधा शब्दही असावा.

तिसरे माझे सर्वांत आवडते, आणि त्याच्याविषयी थोडे अधिक बोलण्याचा मोह आवरत नाही. ते म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे हे काम उभे राहिले आणि १९७६ साली पहिला खंड निघाला. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते जाडजूड खंड कपाटात बंद असत. ग्रंथपालांकडून किल्ली मागावी लागे. आता तेच खंड कोणत्याही वाडीवस्तीवरील शिक्षकास फुकट वाचता येतात. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की पाचवीच्या मुलांना काहीतरी शोधून आणा असे सांगाल तेव्हा त्यांना प्रथम येथे पाठवा. मात्र सोबत प्रश्न द्या : ही नोंद कोणत्या सालची आहे? जुन्या खंडांतील लोकसंख्या, उत्पादन, राज्यकर्ते हे त्या त्या काळचे आहेत. नोंद चुकीची नसते, जुनी असते. या दोहोंतला फरक मुलाला कळला, तर एवढ्यावरच एक तास सत्कारणी लागला असे समजावे. मराठी विकिपीडिया, जो २००३ साली सुरू झाला, तेथे उलट प्रकार असतो. माहिती ताजी असते, पण लिहिणारा कोण आणि त्याने आधार कोणता दिला, ते पाहावे लागते. दोन्ही शेजारी शेजारी उघडून एकाच विषयावर मुलांना बसवून पाहा.

याच जातीचे जिल्हा गॅझेटियर. एकोणिसाव्या शतकात कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांची जी गॅझेटियरे निघाली, ती आणि नंतरच्या आवृत्त्या आता संगणकावर वाचावयास मिळतात. आपल्या गावाचा बाजार तेव्हा कोणत्या वारी भरत असे आणि आता कोणत्या वारी भरतो, असा साधा प्रश्न घेऊन मी एकदा बसलो होतो. संध्याकाळ कशी गेली ते कळले नाही.

पंचायतीच्या मंडळींसाठी ई-ग्रामस्वराज. २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनी, ते सुरू झाले. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, निधी आणि खर्च त्यावर नोंदविला जातो आणि तो कोणासही पाहता येतो. कोणासही म्हणजे गावातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलासही! सरपंचांनी तो त्याच्या आधी पाहिलेला असावा, इतकीच माझी सूचना. संगणक परिचालकाने काय भरले आणि प्रत्यक्षात काय झाले, हे दोन्ही जुळतात काय, हा तेथे न्यावयाचा प्रश्न.

शिक्षकांना दीक्षा हे नवीन नाही. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी खुणा भ्रमणध्वनीने टिपल्या, की तिथला मजकूर उघडतो. स्वयम् आणि आय.आय.टी. संस्थांचे एनपीटीईएल यांवर महाविद्यालयीन दर्जाची व्याख्याने आहेत. आणि एक परदेशी साधन : इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ पासून ही संस्था जगातील संकेतस्थळांच्या प्रती जतन करीत आली आहे. एखादे शासकीय पान नव्या रचनेत नाहीसे झाले, म्हणजे त्याचा जुना पत्ता तेथे टाकून पाहतो. नेहमी सापडतेच असे नाही. पण दोन वेळा सापडले आहे आणि दोन्ही वेळा वाद मिटला आहे.

अलीकडे प्रश्नास सरळ उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. आमच्या एका सहकाऱ्याने अशा साधनास एका योजनेचा शासन निर्णय विचारला. क्रमांक आला, दिनांक आला, मजकुराचा सारांश आला. भाषा माझ्यापेक्षा चांगली होती. मूळ संकेतस्थळावर तसा निर्णयच नव्हता. मसुद्याची भाषा नीट करण्यास ती साधने मीही वापरतो. परंतु ज्या कागदावर कोणाचा तरी अर्ज मंजूर वा नामंजूर होणार, त्या कागदावर त्यांच्या स्मरणशक्तीची भर घालू नये.

साधनांचे महत्त्व किती मानावे, याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जेन हार्ट या ब्रिटिश विशेषज्ञ शिकण्यासाठी लोक कोणती साधने वापरतात, याची पाहणी २००७ पासून करीत आल्या. तीत २००९ ते २०१५ अशी ओळीने सात वर्षे ट्विटर पहिल्या क्रमांकावर होते, आणि २०१६ साली यूट्यूब पहिले आले. ट्विटरचे तर नावही आता तेच राहिलेले नाही. तेव्हा माझी आजची यादीही दहा वर्षांनी जुनी झालेली असेल, हे लक्षात घेऊनच ती उतरवून घ्यावी.

आता एक नाजूक विषय. केंद्र शासनाच्या मिशन कर्मयोगी योजनेस २०२० साली मंजुरी मिळाली आणि आयगॉट या मंचावर कर्मचाऱ्यांसाठी पाठ्यक्रम उपलब्ध झाले. त्यांतील काही मी पूर्ण केले आहेत. काही खरोखरच चांगले आहेत. पण मी हेही पाहिले आहे, की ध्वनिफीत चालू ठेवून, आवाज बंद करून, शेजारी नस्तीचे काम चाललेले असते आणि तास भरले की प्रमाणपत्र निघते. यात त्या लिपिकास मी दोष देत नाही. त्याला तास विचारले जातात, म्हणून तो तास भरतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकांनी १९५९ साली प्रशिक्षणाची परीक्षा चार पायऱ्यांनी घ्यावी असे मांडले होते : लोकांना ते आवडले काय, लोक काही शिकले काय, कामावर परतल्यावर त्यांची वागणूक बदलली काय, आणि त्यामुळे कामाचा परिणाम सुधारला काय. आजच्या वर्गाच्या अखेरीस आपणांस जे अभिप्राय-पत्रक देतील, ते पहिल्या पायरीचे आहे. भोजन आणि बैठकव्यवस्था यांविषयीचे रकानेही त्यात आहेत. चौथी पायरी म्हणजे कात्रण घेऊन येणारा तो गृहस्थ. त्याला कोणी पत्रक देत नाही.

रेव्हन्सचा प्रयोग करावयाचा तर पैसा लागत नाही. पाच-सहा माणसे लागतात आणि ठरलेली वेळ. शिक्षकांकडे तर याची चौकट आहेच. केंद्रपातळीवरील शिक्षण परिषद मूळ कल्पनेत दुसरे काय आहे? शेजारच्या शाळांतील शिक्षकांनी एकत्र येऊन अडचणी मांडावयाच्या. पण ती परिषद जेव्हा केवळ परिपत्रके वाचून दाखविण्यात संपते, तेव्हा पी उरतो आणि क्यू घरी जातो.

आमच्या कार्यालयात दर शुक्रवारी दुपारी साडेचारला आम्ही बसतो. नियम दोनच. प्रत्येकाने आपल्या कामातील एक न सुटलेली अडचण आणावयाची; आणि इतरांनी प्रथम सल्ला न देता फक्त प्रश्न विचारावयाचे. दुसरा नियम पाळणे महाकठीण आहे. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांना उपदेशच केला. शिवाय साहेबांसमोर अडचण कोण सांगणार? म्हणून पहिली अडचण मी सांगितली, कात्रणाची. त्यानंतर थोडी मोकळीक आली. एके शुक्रवारी पत्रकांच्या वितरणाविषयी बोलणे चालले असता आमच्या वाहनचालकाने विचारले, "साहेब, डोंगराकडच्या गावांत दुपारच्या एस.टी.नं पेपर येतो. पत्रकात शेवटची तारीख दोन दिवसांवरची असली, तर त्यांनी दाखला कधी काढायचा?" आम्ही सगळे पदवीधर. हा प्रश्न आमच्यापैकी कोणास सुचला नव्हता. त्या गावांतून तो गाडी चालवितो, आम्ही मागे बसून नस्त्या वाचतो. तेव्हापासून मुदतीची पत्रके आम्ही त्या भागातील ग्रामपंचायतींना आणि शाळांना आधी भ्रमणध्वनीवर पाठवितो. सगळ्याच बैठका अशा फळास येतात असे मुळीच नाही. कित्येकदा चहा पिऊन उठतो.

आपणांस पाठविलेल्या पत्रात, येताना प्रत्येकाने आपल्या कामातील एक न सुटलेला प्रश्न कागदावर लिहून आणावा, नाव घालण्याची आवश्यकता नाही, असे कळविले होते. एकोणीस कागद आले आहेत. सकाळी मी ते वाचले. त्यांतील दोन आमच्याच माहिती कार्यालयाविषयी आहेत : एकात आमची पत्रके वेळेवर पोहोचत नाहीत अशी तक्रार आहे, आणि दुसऱ्यात त्यांतील भाषा कळत नाही असे म्हटले आहे. त्या दोहोंपासून आरंभ करू. सहा-सहांचे गट करून बसू या. केंद्रप्रमुख आणि त्यांच्याच केंद्रातील शिक्षक एका गटात येणार नाहीत, एवढे पाहावे.